पंचांना शिव्या, नियमांना माफी

२ फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरात महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागाची अंतिम कुस्ती झाली. पृथ्वीराज मोहोळनं शिवराज राक्षेला चीत केलं, असा निकाल पंचांनी दिला. दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, चित्रफीत बघा, असा राक्षेचा आग्रह होता. तो मानला गेला नाही, आणि राक्षेनं पंचांची कॉलर धरून लाथ मारली. पुढे किताबाच्या लढतीत मोहोळविरुद्ध महेंद्र गायकवाडही गुणावरून भांडून शेवटच्या सेकंदांत मैदान सोडून गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. लाथेचं समर्थन कुणी करू नये. मीही करत नाही. पण आमच्या फुलंब्रीत त्या कुस्तीचा विषय निघाला की चार ठरलेली मतं ऐकू येतात, आणि चारही मला लंगडी वाटतात.

पहिलं मत : पंच विकले गेलेत. पुरावा काय? तर निकाल आपल्या पैलवानाविरुद्ध गेला, एवढाच. खांदे टेकणं हा डोळ्याची पापणी लवेपर्यंतचा खेळ. गादीवर पालथा झोपून बघणाऱ्या पंचाला जवळचा खांदा दिसतो, पलीकडचा पैलवानाच्या अंगाआड जातो. म्हणून तर जागतिक नियमांत तीन माणसं आहेत : मधला पंच, बाजूचा पंच आणि मॅट चेअरमन. एकट्या मधल्या पंचाच्या म्हणण्यावर चीतपट धरली जात नाही, दुसऱ्याचा दुजोरा लागतो. चुकीच्या कोनात अडकलेला पंच आणि बेइमान पंच लांबून सारखेच दिसतात. मग बेइमानीचा आरोप करायला जीभ एवढी सैल का सुटावी?

दुसरं मत म्हाताऱ्या माणसांचं : पूर्वीचे पंच खरे होते. असतीलही. पण त्यांचं काम सोपं होतं, हे कुणी सांगत नाही. तांबड्या मातीत पैलवान पडला की पाठ स्वतःच साक्ष द्यायची. लंगोटाच्या वर माती चिकटलेली सगळ्या गावाला दिसायची. गुण नव्हते. निकाल लागेना तर कुस्ती बरोबरीत सोडवायची, दोघांना फेटे बांधायचे, विषय संपला. गादीवर पाठीला काहीच चिकटत नाही. वर ताबा घेतला तर दोन, उभ्यानं थेट धोक्याच्या स्थितीत टाकलं तर चार, असं मोजमाप आलं. पुढे ते मातीतही शिरलं. जानेवारी २०२३ मध्ये कोथरूडला महाराष्ट्र केसरीच्या माती विभागात सिकंदर शेखविरुद्ध महेंद्र गायकवाडला बाहेरच्या टांगेवर चार गुण मिळाले, आणि ते दोन की चार यावर अख्खा महाराष्ट्र भांडला. जुन्या पंचाला असला प्रश्न कधी पडलाच नाही. बाकी ‘नूरा कुस्ती’, म्हणजे आधीच ठरवून लढलेली कुस्ती, हा शब्द काही गादीबरोबर आलेला नाही, तो त्याच सोन्याच्या काळातला आहे.

तिसरं मत : पंच म्हणजे परमेश्वर, त्याच्याशी वाद नाही. हे कुस्तीच्याच जागतिक नियमांत बसत नाही. गुणांचा निर्णय पटला नाही तर प्रशिक्षक गादीवर मऊ स्पंज फेकतो, चित्रफीत पाहिली जाते. आक्षेप फोल ठरला तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण. शंकेला वाट दिली आणि तिची किंमतही लावली. वाट बंद केली की लाथा सुटतात.

मग चौथं मत येतं, आणि सुशिक्षितांना तेच फार आवडतं : कॅमेरे लावा, प्रश्न मिटला. रग्बीत कॅमेऱ्यांची काय कमी होती? २८ ऑक्टोबर २०२३ ला पॅरिसजवळ विश्वचषकाचा अंतिम सामना दक्षिण आफ्रिकेनं न्यूझीलंडविरुद्ध १२-११ असा जिंकला. न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन याचं पिवळं कार्ड चित्रफीत तपासून लाल झालं; आफ्रिकेचा कर्णधार सिया कोलिसी याचं तपासूनही पिवळंच राहिलं. डोक्याला धक्का दोन्हीकडे होता. काय घडलं ते कॅमेऱ्यानं दाखवलं. किती गंभीर, ते शेवटी माणसांनीच ठरवलं. त्या सामन्याचे पंच वेन बार्न्स लगेच निवृत्त झाले, आणि कुटुंबाला आलेल्या धमक्यांबद्दल त्यांना जाहीर बोलावं लागलं.

रोग कुठे आहे ते कबड्डीनं त्याच महिन्यात दाखवलं होतं. ७ ऑक्टोबरला हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारत-इराण अंतिम सामना २८-२८ वर असताना पवन सेहरावत कुणाला न शिवता मैदानाच्या कडेच्या लॉबीत गेला, त्याच्या मागे इराणचे बचावपटूही. एका नियमानं फक्त चढाईवाला बाद, दुसऱ्यानं मागे आलेलेही बाद. घडलेल्या गोष्टीबद्दल वाद नव्हताच. कोणता नियम चालू आहे, हेच धड ठरेना. तासभर सामना थांबला. अखेर भारत ३३-२९ नं जिंकला. आपल्या अस्लम इनामदार आणि आकाश शिंदेच्या गळ्यात सुवर्णपदक पडलं, म्हणून आपण तो घोळ विसरलो. निकाल उलटा लागता तर?

कुस्तीत हा घोळ घरचाच आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये दोन संघटनांनी दोन महाराष्ट्र केसरी भरवल्या : फुलगावात सिकंदर शेख, धाराशिवला शिवराज राक्षे. जिथे किताबच एक नाही तिथे पंचांच्या निर्णयात सारखेपणा कुठून येणार? म्हणून माझी मागणी पंच बदला अशी नाही. गुणांवर खेळवल्या जाणाऱ्या प्रत्येक मोठ्या कुस्तीत आक्षेपाची सोय सारखी हवी, चीतपटीच्या निकालालाही. आणि रग्बीकडून उचलण्याजोगी गोष्ट कॅमेरा नव्हे, पंचाच्या अंगावरचा माइक आहे. तिथला पंच दंड का दिला ते खेळाडूंना सांगतो, आणि ते प्रेक्षकांना ऐकू येतं. निर्णय चुकला तरी कशावरून दिला ते कळतं; मग भांडण निर्णयाशी होतं, माणसाशी नाही.

‘हे पुण्या-मुंबईला ठीक, जत्रेच्या फडात कुठून आणायचं?’ असं विचारलं जाईल. फुलंब्री तालुक्यातल्या कुठल्याही जत्रेत जाऊन बघा. हलगी वाजत असते, आणि भोंग्यावर निवेदक एकशे एक रुपये देणाऱ्याचंही नाव तीनदा घेत असतो. माइक आहेच. जोड लागली की त्यावरूनच सांगावं : इतकी मिनिटं निकाली, त्यानंतर गुणावर. आणि विजेत्याचा हात वर करण्याआधी दहा सेकंद माइक पंचाच्या हाती द्यावा.