नखं तुझी, मैना माझ्या

एका पांगाऱ्यावरून मी आणि माझी मैत्रीण तीन आठवडे बोलत नव्हतो. हसू नका, सीरियस मॅटर आहे.

पांगारा म्हणजे ते झाड हो, फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं टाकून लालभडक होणारं. तिच्या सोसायटीच्या गेटपाशी एक आहे. आम्हा दोघींना तेव्हा हायकूचा जाम नाद लागला होता. एका सकाळी तिचा मेसेज आला :

पानं सगळी गेली
पांगाऱ्याच्या फांद्यांना
लाल नखं आली

सही ना? मी एकदम खूश. आदल्याच रविवारी तिच्याकडे चहा पिताना त्या झाडावरचा मैनांचा दंगा पाहिला होता. दात घासता घासताच उत्तर पाठवलं :

एकच लाल नख
त्यावर दोन मैना
भांडण काही मिटेना

वाटलं, बाईसाहेब फिदा होतील. रिप्लाय काय? ‘नखं माझी आहेत. ढापू नकोस.’ मी म्हटलं, ‘नखं पांगाऱ्याची आहेत.’ संपलं! मैनांचं राहिलं बाजूला, आमचंच भांडण मिटेना.

रागाच्या भरात मी स्वतःची बाजू भक्कम करायला वाचायला बसले. पुरावा सापडला, पण थोडा वेगळाच निघाला.

आपण हायकूला एकट्या माणसाची कविता समजतो. तळं, झाड, एक कवी, शांतता. पण त्याचं मूळ आहे चक्क गप्पांच्या बैठकीत. जपानमध्ये कवी एकत्र बसून साखळी-कविता रचत. एकाने तीन ओळी म्हणायच्या, दुसऱ्याने त्याला दोन ओळी जोडायच्या, पुन्हा तीन, पुन्हा दोन. छत्तीस कड्यांची साखळी झाली की तिला म्हणायचं कासेन. पहिली कडी म्हणजे होक्कू. ती बहुधा पाहुण्याने म्हणायची आणि त्यात ऋतूचा शब्द हवाच. का? तर तो यजमानाला केलेला नमस्कार असे. आपण कुणाकडे गेलो की ‘काय उकडतंय हो’ म्हणत चप्पल काढतो ना, तसंच काहीसं, फक्त जरा देखणं.

बाशोचा (१६४४-१६९४) एक किस्सा तर मला भलताच आवडला. १६८९ च्या उन्हाळ्यात उत्तरेच्या पायी प्रवासात तो ओइशिदा गावी मोगामी नदीकाठच्या एका घरी उतरला. तिथे चौघांनी कासेन रचली. बाशोच्या होक्कूत पावसाने भरलेली नदी होती आणि तिच्यासाठी शब्द होता ‘गार’. म्हणजे यजमानाला सांगणं, की तुमच्याकडे किती छान गारवा आहे! पुढे तो त्याच नदीतून नावेने गेला, पाण्याची ओढ अनुभवली आणि प्रवासवर्णनात तो ‘गार’ बदलून ‘वेगवान’ केला. कविता तीच, शब्द एक. घरात बसून लिहिली तेव्हा समोर माणूस होता, नावेत समोर नदी. मला विचाराल तर दोन्ही खऱ्या.

सुट्या होक्कू बाशोच्या काळीही लिहिल्या जात. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मासाओका शिकीने तिला साखळीपासून कायमचं वेगळं केलं आणि ‘हायकू’ हे नाव रूढ केलं. आपल्यापर्यंत आली ती ही सुटी झालेली कविता. मराठीत ती रुजवली शिरीष पै (१९२९-२०१७) यांनी, म्हणजे आचार्य अत्र्यांच्या लेकीने. तीन ओळी आणि बहुतेकदा दोन ओळींचं यमक, हा मराठी थाट त्यांचाच. पाच-सात-पाचचा हिशोब बोटांवर करणाऱ्यांनी फार टेन्शन घेऊ नये. जपानी मोजणी आपल्या अक्षरांची नाहीच. आपल्याला ‘तोक्यो’ दोन अक्षरी वाटतं, ते लोक त्याचे चार मोजतात!

(आणि प्लीज, कोथरूडच्या बाल्कनीत बसून चेरी ब्लॉसमवर लिहू नका. मोहर आहे, वळीव आहे, पावशा आहे. पावसाळ्याचे चार महिने आहेत, त्यांनाच शब्द पुरत नाहीत.)

तर पुरावा असा, की समोरच्याची नखं उचलणं ही चोरी नव्हे, रीतच आहे. मात्र रीतीत पुढचीही एक गोष्ट आहे : पहिली कडी कुणाची, हे सगळ्या बैठकीला माहीत असतं. मी ते म्हटलंच नव्हतं. तिच्या हायकूला साधं ‘छान’सुद्धा न म्हणता थेट माझं पुढे सरकवलं होतं. नमस्काराला उत्तर न देता घरात घुसावं तसं.

मग एका रात्री दोन्ही कविता एकाखाली एक लिहिल्या. पहिलीपुढे तिचं नाव, दुसरीपुढे माझं. खाली फक्त ‘तिसरी तुझी’. (दुसरी खरंतर दोनच ओळींची हवी होती. असो.) पाठवून दिल्या. दोन निळ्या टिका आल्या आणि चार दिवस काहीच नाही.

पाचव्या दिवशी सकाळी पावणेसातला :

मावशींचा खराटा
लाल कचऱ्यात
मैनेचं पीस

दुष्ट बाई. माझ्यापेक्षा भारी लिहिलं. खाली एक ओळ होती : ‘मैना तुझ्या, पीस माझं.’

छत्तीसपैकी तीन झाल्या. चौथी माझ्याकडे आहे आणि साखळीचा नियम असा, की मागे फिरायचं नाही. म्हणजे पांगारा बाद, मैना बाद. सध्या मी रोज सकाळी गॅलरीत उभी राहून खालच्या खराट्याचा आवाज ऐकते आहे.