आमच्या न जेवण्यालाही आजार म्हणा

परराज्यातल्या विद्यापीठात शिकत होते. मेसमध्ये घरून आणलेली सुकटाची चटणी उघडली आणि समोरच्या मुली ताटं घेऊन दुसऱ्या टेबलावर गेल्या. त्यानंतर मी मेसमध्ये जाणं कमी केलं. हळूहळू न जेवण्याचाच अभिमान वाटू लागला. मग एखाद्या रात्री बिस्किटांचे चार पुडे संपवायचे आणि घशात बोटं घालून ओकायचे. घरून फोनवर आई विचारायची, "जेवलीस का?" दोन वर्षं मी "हो" म्हणत राहिले.

सहा महिने पाळी आली नाही. केस पुंजक्यांनी गळले. ओकारीतल्या आम्लाने दातांवरचं कवच झिजलं. थंड पाणी लागलं की ठणका. जिना चढताना छातीत धडधड. दवाखान्यात "रक्त कमी आहे" म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. ओकतेस का, हे विचारलं नाही. पुढे एका डॉक्टरबाईंनी विचारलं, तपासणी केली. पोटॅशियम खाली गेलं होतं. सतत ओकल्याने ते घसरतं, हृदयाचे ठोके बिघडतात. त्यात जीवही जाऊ शकतो.

हा आजार फक्त जातीमुळे होतो, असं माझं म्हणणं नाही. पण तो 'बड्या घरच्या मुलींचा' मानला जातो, म्हणून आपल्या मुलींमध्ये कुणी तो शोधतच नाही. आपणही बोलत नाही. १९७२चा दुष्काळ काढलेल्या आजीला कसं सांगणार, की समोर ताट असून मी उपाशी राहते?

म्हणून मैत्रिणींनो, आणि मित्रांनो, कारण मुलांनाही हा आजार होतो, हे लक्षात ठेवा. वजन ठीक दिसलं तरी हा आजार असू शकतो. चक्कर, धडधड असेल तर डॉक्टरांना खरं सांगा. पोटॅशियमची तपासणी आणि ईसीजी करायला सांगा. ओकल्यावर लगेच दात घासू नका, आधी चूळ भरा. बरेच दिवस उपाशी असाल तर एकदम भरपूर खाऊ नका. रक्तातलं फॉस्फेट घसरून धोका होतो, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच आहार वाढवा. बोलायला कुणी नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

आणि विद्यापीठांच्या समान संधी कक्षांनी फक्त शिष्यवृत्तीचे अर्ज मोजू नयेत. मेसमध्ये कोण येईनासं झालंय, का येईनासं झालंय, हेही विचारावं.

जय भीम!