पुलावरून नाव मिळालेले गाव

यवतमाळहून धामणगाव गाठून नागपूरकडे जाणाऱ्या रेल्वेत बसले की थोड्याच वेळात गाडीचा आवाज बदलतो. खाली वर्धा नदी असते. पूल ओलांडला की पुलगाव येते. या गावाला कोण्या राजाचे वा दैवताचे नाव नाही. रेल्वेने वर्धेवर पूल बांधला, त्याच्या आधाराने वस्ती वाढली आणि ती पुलगाव म्हणून ओळखली जाऊ लागली.

त्या काळी वर्धा नदी ही सीमा होती. पश्चिमेला वऱ्हाड, नावाने निजामाचा, परंतु 1853 पासून इंग्रजांच्या कारभाराखाली. पूर्वेला 1861 मध्ये स्थापन झालेला मध्य प्रांत. दोन्ही तीरांवर कापूस. त्याच 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि आपल्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला. बैलगाड्यांनी मुंबई गाठण्यास कित्येक आठवडे लागत. नागपूरच्या रेल्वेमार्गाची निकड त्यामुळे अधिकच जाणवू लागली.

परंतु 1865 मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले. कापूस व शेअर बाजारात दबदबा असलेले प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे धनाढ्यही त्या पडझडीत सापडले. बँक ऑफ बॉम्बे बुडाली. रेल्वे नागपूरला पोहोचली ती 1867 मध्ये. म्हणजे तेजी ओसरल्यावर गाडी आली!

मग तो खर्च वाया गेला का? मुळीच नाही. आर्वीकडचा आणि पलीकडच्या वऱ्हाडातला कापूस पुलगावच्या बाजारात येऊ लागला. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने निघाले, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कापडगिरणी उभी राहिली, 1917 मध्ये आर्वीपर्यंत छोटी रेल्वे झाली. आपल्या यवतमाळचा कापूसही सुमारे 45 किलोमीटर बैलगाडीने धामणगावला जाई आणि तेथून याच लोहमार्गाने पुढे. अडत, सराफी आणि जिनिंग करणाऱ्या आपल्या कितीतरी घराण्यांची भरभराट या मार्गाच्या आधाराने झाली. चार वर्षांच्या तेजीने अनेकांना बुडविले. पुलाने मात्र पिढ्या पोसल्या.

हे मला आज सुचते आहे. 2011 मध्ये सुचले असते तर बरे झाले असते. तेव्हा मी बँकेत कर्जविभाग पाहत होतो. कापूस क्विंटलला सात हजारांच्या आसपास पोहोचला होता. माझ्या परिचयाचे एक व्यापारी आदल्या वर्षी गोदामासाठी कर्ज मागत होते. त्या वर्षी म्हणाले, “साहेब, गोदाम पुढच्या वर्षी बांधू. आत्ता माल भरू द्या, भाव अजून चढेल.” कागदपत्रे चोख होती, तारण पुरेसे होते. मी शिफारस केली. पावसाळ्यापर्यंत भाव जवळपास निम्म्यावर आला. राहते घर विकून त्यांनी बँकेचा पैसा न् पैसा फेडला. खाते बंद करताना त्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. तो दोष मी आजवर स्वतःला देत आलो आहे. मी तारण पाहिले. हा पैसा तेजीवर लागतो आहे की पुलावर, हे पाहिले नाही.

नियमाने माझे काही चुकले नव्हते. परंतु नियम पाळणे आणि माणसाचे हित पाहणे यांत अंतर असते, हे निवृत्तीनंतर अधिक कळते.

पुलगावची ती गिरणी आता बंद आहे, आर्वीची छोटी गाडीही थांबली. वर्धेवरून मात्र मुंबई-हावडा मार्गावरच्या गाड्या रात्रंदिवस धावत आहेत.

वाचकहो, दिवाळीनंतर पुन्हा कापसाचा हंगाम उभा राहील आणि भावाच्या गोष्टी दुकानादुकानांतून रंगतील. तेजीचा लाभ अवश्य घ्यावा. तो व्यापाराचा धर्मच आहे. परंतु नफ्यातील काही भाग भाव उतरल्यावरही उपयोगी पडेल अशा कामी लावावा: गोदामात, यंत्रात, मुलामुलींच्या शिक्षणात, शेतकऱ्याशी जोडलेल्या विश्वासात. भाव हा पाहुणा आहे. तो गेल्यावर घरात काय उरले, हे वहीत पाहावे.