नळाचं पाणी आणि पालिकेची तिजोरी

पाणी पहाटे चारला येणार की रात्री अकराला, हे आमच्या गल्लीत दोघांनाच ठाऊक असतं. एक व्हॉल्व्हमनला आणि दुसरं आम्हा बायकांना. उन्हाळा लागला की तीन दिवसांआड येणारं पाणी पाच दिवसांवर जातं. मग आम्ही दहाजणी मिळून नगरपालिकेत जातो. निवेदन देतो, फोटो निघतो, साहेब 'बघतो' म्हणतात. दोन दिवस पाणी बरं येतं आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या!

मागच्या खेपेला मात्र तिथल्या कारकुनानेच आम्हाला विचारलं, "ताई, पाणीपट्टी भरलीय का?" दहाजणींपैकी सहाजणींची थकली होती. खोटं कशाला बोलू, त्यात माझीही होती. राग आला, पण घरी येऊन विचार केला, तेव्हा वाटलं की पालिकेला शिव्या घालण्यापलीकडे आपल्याला तिच्याबद्दल काय माहीत आहे?

मैत्रिणींनो, घर चालवणाऱ्या बाईला पालिकेचा हिशेब समजायला अवघड नाही. घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, बाजार फी ही तिची स्वतःची कमाई. पूर्वी गावात येणाऱ्या मालावर जकात मिळायची. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये बंद झाली आणि तिच्या बदल्यात सरकारचं अनुदान आलं. म्हणजे कमावती बाई एकदम घरखर्चासाठी हात पसरणारी झाली! पगार, पंपांचं वीजबिल, तुरटी, ब्लीचिंग पावडर, घंटागाड्या हा खर्च काही थांबत नाही. शिवाय वरून येणारा बराचसा पैसा विशिष्ट कामाचं नाव घेऊनच येतो. चौक सुशोभीकरणाला आलेल्या पैशातून फुटलेली पाइपलाइन बदलता येत नाही. म्हणून कारंजं नवं दिसतं आणि नळ कोरडा राहतो.

दुसरा घोळ अधिकाराचा. १९९३ मध्ये ७४वी घटनादुरुस्ती लागू झाली. घटनेच्या बाराव्या परिशिष्टात पाणी, रस्ते, दिवाबत्ती, स्मशानभूमी, जन्म-मृत्यूची नोंद असे १८ विषय शहरांच्या संस्थांसाठी नोंदले गेले. पण ठराव करणार नगरसेवक, अंमलबजावणी करणार मुख्याधिकारी आणि मुख्याधिकाऱ्यांना नेमणार राज्य सरकार. ठरावाला स्थगिती द्यायची तर तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे. नगराध्यक्ष कोणी निवडायचा, हेही वरच ठरतं. २०१६ मध्ये तो थेट जनतेतून निवडला गेला, २०२० मध्ये नगरसेवकांतून निवडायचं ठरलं, २०२२ मध्ये पुन्हा थेट जनतेतून! अध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचं, अशी वेळ आली की भांडण त्यांचं आणि भोग आपले.

त्यातही गेली काही वर्षं तर निवडून आलेलं कोणी नव्हतंच. मुदत पाच वर्षांची आणि ती संपण्याआधी निवडणूक व्हावी, असं घटना सांगते. तरी ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात निवडणुका रखडल्या. २०१६ च्या अखेरीस मतदान झालेल्या अनेक गावांत पुढचं मतदान थेट डिसेंबर २०२५ मध्ये झालं, तेही सर्वोच्च न्यायालयाने बजावल्यावर. मधल्या काळात कारभार प्रशासकाकडे. प्रशासक चांगलाही असतो, पण तो मतं मागायला आपल्या दारात येत नाही आणि गल्लीतली कुठली गटार तुंबते, हे त्याला कोण सांगणार?

आता सभागृहं पुन्हा भरली आहेत आणि निम्म्या जागा आपल्या आहेत. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. पण बोर्डावर नाव ताईंचं आणि फोन उचलतात ते दादा, हे चित्र आपण किती दिवस चालवून घेणार? यात दोष एकट्या ताईंचा नाही. काम घेऊन गेल्यावर "साहेब आहेत का?" असं आपणच विचारतो. पुढच्या वेळी ताईंशीच बोलायचं, असं ठरवू या. विचारणारं कोणी असलं की उत्तर देणारीही तयार होते. पहिल्या सभेत गप्प बसलेली बाई वर्षभरात अभियंत्याला पाइपचा व्यास विचारू लागते.

आणखी एक. आपण निवेदन घेऊन जातो एप्रिल-मे महिन्यांत, घसा कोरडा पडल्यावर. पण वर्षाचा पैसा कुठे जाणार, हे त्याआधीच अंदाजपत्रकात ठरलेलं असतं. तेव्हा संक्रांतीच्या हळदीकुंकवालाच नगरसेविकेला बोलावू या. वाण देऊन पाठवण्यापूर्वी विचारू या की ताई, यंदा आपल्या वॉर्डात जलवाहिनीला किती, महिलांच्या स्वच्छतागृहाला किती, महिला व बालकल्याण समितीला किती? गेल्या वर्षीचे त्यातले किती खर्च झाले? उत्तर मिळालं नाही तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहेच. अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं.

आणि हो, मी थकलेली पाणीपट्टी भरली. हप्त्याहप्त्याने, पण भरली. पाणी अजून तीन दिवसांआडच येतं. पण पावती पर्समध्ये ठेवलीय. पुढच्या वेळी कारकुनाने तोच प्रश्न विचारला तर ती त्याच्या टेबलावर ठेवीन आणि म्हणेन, "आमचा हिशेब हा असा. आता पालिकेचा दाखवा."