गार हवेचा सौदा

दिवाळीच्या सुमारास आमच्या घरी दोन प्रकारचे सल्ले मागितले जातात. एक चकलीच्या भाजणीचा. तो आमच्या सौभाग्यवतींकडे जातो. दुसरा मोटारीचा, तो आमच्या वाट्याला येतो. यंदाचा प्रश्न थेट कॅलिफोर्नियातून आला. तिकडे नोकरीला असलेल्या आमच्या भाच्याने २०१७ सालची टोयोटा ८६ घेतली आहे. जुनीच, पण दोन दारांची, मागच्या चाकांना जोर देणारी, म्हणजे अस्सल स्पोर्ट्‌स कार.

"मामा, हिला गार हवेची नळी बसवायची आहे," तो म्हणाला. "बाजारात तीन तऱ्हा दिसतात. कोणती घेऊ? चारशे डॉलरपर्यंत खर्च करीन. पण याच गाडीने रोज कामावर जातो, हे ध्यानात ठेवून सांगा."

वाचकहो, ही गार हवा बसणाऱ्यासाठी नव्हे, एंजिनासाठी. एक ग्रॅम पेट्रोल पुरते जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. हवा तापली की विरळ होते. २५ अंशांची हवा ६० अंशांवर गेली, तर तेवढ्याच जागेत ती वजनाने सुमारे दहा टक्के कमी मावते. हवा कमी, म्हणून पेट्रोल कमी, म्हणून जोर कमी. तेव्हा बॉनेटखालच्या भट्टीतली हवा टाळावी, हे तत्त्व सोळा आणे खरे.

पण विकणारे एक गोष्ट हळूच गिळतात. या गाडीचा कारखान्यातून आलेला खोका पुढच्या जाळीमागून बाहेरचीच हवा घेतो! तेव्हा नव्या नळीने पदरात पडणारा जोर थोडाच असतो. वाढतो तो मुख्यतः आवाज.

आता त्या तीन तऱ्हा. पहिली आखूड नळी. हिचा फिल्टर बॉनेटखाली उघडाच. आवाज झकास, पण सिग्नलला गाडी थांबली की ही गरम हवाच पिते. दुसरी लांब नळी. हिचा फिल्टर खाली बंपरच्या आड. हवा खरोखरच गार; पण साचलेल्या पाण्यात फिल्टर बुडाला, तर पाणी सिलिंडरात शिरते. पाणी हवेसारखे दबत नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो आणि एंजिनच खोलावे लागते. तिसरी बंद खोक्याची; फिल्टर मोठा, आणि गरम हवेला मज्जाव.

शिवाय नळीत हवा मोजणारा सेन्सर असतो. नळीचा व्यास बदलला की त्याचे माप चुकते आणि पेट्रोलचा हिशेबही बिघडतो. म्हणून याच गाडीसाठी, याच सालासाठी बनवलेली नळी हवी. तेल लावलेला सुती फिल्टर घेतला, तर धुतल्यावर तेल बेताने लावावे. जास्तीचे तेल सेन्सरवर जाऊन बसते.

खरी मेख पुढेच होती. भाच्याला एक आखूड नळी निम्म्या किमतीत मिळत होती. मी विचारले, "तिच्यावर नंबर आहे का?" नव्हता. कॅलिफोर्नियाचे हवा-संसाधन मंडळ तपासून मान्य केलेल्या अशा सुट्या भागांना आदेश-क्रमांक देते. पेट्रोलच्या गाडीला आठ वर्षे झाली की दर दोन वर्षांनी धुराची तपासणी करावी लागते, आणि तपासनीस बॉनेट उघडून पाहतो. क्रमांक नसलेली नळी दिसली की गाडी नापास. नापास गाडीची नोंदणी पुढे चालत नाही. दोनशे डॉलर वाचवून भाच्याला कामावर बसने जावे लागले असते.

"मग आवाजाचे काय, मामा?" त्याने जरा हिरमुसून विचारले. खरे सांगायचे तर त्याला जोरापेक्षा आवाजच हवा होता, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. हौसेला हौस म्हणून पैसे मोजावेत. फक्त ती अश्वशक्ती आहे, अशी स्वतःची समजूत घालू नये.

मी त्याला बंद खोक्याची नळी घ्यायला सांगितली, तीही क्रमांकाच्या यादीत २०१७ सालची ८६ आहे, हे आधी स्वतः वाचून. त्याने तशीच घेतली. ती पावणेचारशेला पडली, पण आवाजही बरा येतो म्हणतो.

आणखी एक सांगून ठेवले आहे: कारखान्याचा जुना खोका फेकू नकोस. गाडी विकायला काढशील, तेव्हा घेणारा पहिल्यांदा तोच मागेल.