कुठली टेस्ट लावू?

परवा शेजारची मुलगी लॅपटॉप घेऊन आली. फिजिओथेरपीचं शेवटचं वर्ष, प्रबंध द्यायला आठवडा उरलेला. "काका, कुठली टेस्ट लावू? सर म्हणाले टी-टेस्ट लाव, सगळे तीच लावतात."

गुडघेदुखीचे ३० रुग्ण. व्यायामाआधी आणि सहा आठवड्यांनी त्यांना विचारलेलं, किती दुखतंय? नाही, थोडं, मध्यम, तीव्र. एक्सेलमध्ये त्याचे झाले ०, १, २, ३ आणि मग त्यांची सरासरी. शेजारच्या रकान्यात पुरुष १, स्त्री २. त्याचीही सरासरी १.६ आली होती! (म्हणजे नेमकं कोण, ते विचारू नका.) सॉफ्टवेअर बिचारं कशालाच नाही म्हणत नाही.

गोम इथेच आहे. आकडा दिसला की आपल्याला वाटतं, मोजलं. गुडघा किती अंश वाकतो हे खरं मोजमाप, तिथे जोडीची टी-टेस्ट शोभते. पण 'थोडं' ते 'मध्यम' आणि 'मध्यम' ते 'तीव्र' ही अंतरं सारखीच आहेत असं कोणी सांगितलं? तिथे फक्त क्रम आहे. शिवाय रुग्ण तेच, आणि हिने दोन वेगळे गट धरलेले. विल्कॉक्सनची चाचणी अशा वेळी सर्रास वापरतात, पण तीही फरकांना लहानमोठं ठरवते. मला इथे साधी साइन टेस्ट प्रामाणिक वाटते. कितीजण सुधारले, किती बिघडले, बस्स. १४ सुधारले, ५ बिघडले, बाकीचे जैसे थे.

टी-टेस्टने पी आला होता ०.०४. साइन टेस्टने ०.०६.

"मग टी-टेस्टच ठेवू का?"

रागवायला तोंड उघडलं आणि मिटलं. पूर्वी एका मित्राच्या प्रबंधासाठी मीच तीन चाचण्या चालवून, ०.०५ च्या खाली आली ती दिली होती. तो प्रबंध आजही कुठल्यातरी ग्रंथालयात आहे.

१९३८ साली कलकत्त्याच्या संख्याशास्त्र परिषदेत रोनाल्ड फिशर अध्यक्षीय भाषणात म्हणाले होते, की प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे येणं म्हणजे बहुधा शवविच्छेदन मागणं. चाचणी ठरवायची ती पहिला रुग्ण तपासण्याआधी. पण आपल्याकडे हा प्रश्न बाइंडिंगवाल्याकडे जाताना आठवतो!

असो. तिने ०.०६ लिहिलंय. सर काय म्हणतात ते सोमवारी कळेल.