एकेक डोळा झाकून पाहा

वाटेत पडलेली चप्पल आजी बरोबर चुकवते, पण समोर उभ्या नातवाचा चेहरा तिला ओळखू येत नाही. घरच्यांना वाटते, हिला हवे तेवढेच दिसते. हा आळ फार अन्यायाचा आहे. उतारवयात मॅक्युला झिजतो तेव्हा नेमके हेच होते. डोळ्याच्या पडद्याचा जेमतेम पाच मिलिमीटरचा हा मधला भाग. वाचणे, सुईत दोरा ओवणे, तांदळातला खडा वेचणे, सारे त्याच्या जोरावर. तो गेला की पाहावे तिथेच डाग येतो. कडेची नजर शाबूत राहते, म्हणून माणूस घरात नीट वावरतो आणि कुणाला संशय येत नाही.

साठीनंतर नजर अधू झाली की आपल्याकडे निदान घरीच होते: मोतीबिंदू असेल, पिकला की काढू. मोतीबिंदू काही महिने थांबला तरी सहसा शस्त्रक्रियेने नजर परत येते. मॅक्युलाच्या आजाराचा ओला प्रकार तेवढी उसंत देत नाही. पडद्याखाली नको त्या नाजूक रक्तवाहिन्या उगवतात, त्यांतून पाणी आणि रक्त झिरपते, व्रण पडतो आणि मधली नजर कायमची जाते. कोरडा प्रकार संथ असतो, बहुतेकांना तोच होतो. पण त्याचाही कधी ओला होईल, सांगता येत नाही.

ओल्या प्रकारावर २००६ पासून डोळ्यात द्यायचे रॅनिबिझुमॅबचे इंजेक्शन आहे. कर्करोगासाठी आलेले, कितीतरी स्वस्त बेव्हॅसिझुमॅब जवळपास तितकेच गुणकारी असल्याचे २०११ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीने दाखवले. औषध आहे, पण माणूस उशिरा पोहोचतो. कारण दाराची चौकट, खिडकीचे गज वाकडे दिसू लागले तरी दुसरा चांगला डोळा सांभाळून घेतो.

स्विस नेत्रतज्ज्ञ मार्क आम्सलर यांनी रूढ केलेला चौकटींचा कागद यासाठीच आहे. चष्मा लावायचा, एक डोळा झाकायचा, मधल्या ठिपक्याकडे पाहायचे, मग दुसरा. आपल्या नेत्रशिबिरांत मोतीबिंदू शोधण्याचे मोठे काम होते. तिथेच, रांगेत बसलेल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या हाती हा कागद द्यावा. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना तर आधी, त्यांना धोका अधिक. ज्याला रेघ वाकडी किंवा पुसट दिसेल, त्याला पुढच्या शिबिराची तारीख न देता त्याच आठवड्यात पडद्याच्या डॉक्टरांकडे धाडावे. इंजेक्शन एकदा घेऊन भागत नाही, पुन्हा पुन्हा लागते. ते जिल्हा रुग्णालयात नियमित मिळालेच पाहिजे.